आधी ओतायची जागा, मग बसायची

श्रोतेहो, कवीला भाषणासाठी बोलावलं की तो पाऊस, आई किंवा गाव यांपैकी कशावर तरी बोलेल, अशी सगळ्यांची खात्री असते. मी आज संडासावर बोलणार आहे. तोही घरातल्या नव्हे, गाडीतल्या. नाकाला रुमाल लावायची गरज नाही. विषय स्वच्छ आहे, आपण त्याच्याविषयी बोलत नाही म्हणून तो घाण झाला आहे.

सुरुवात माझ्या थोरल्या बहिणीपासून करतो. आम्ही तिला आपा म्हणतो. आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं. आपा लग्न होऊन इंग्लंडला गेली त्याला आता चाळीसहून अधिक वर्षं झाली. पण कोकणातून नेलेली एक सवय तिनं तिथंही सोडली नाही. प्रवासाला निघायचं असेल तर आदल्या रात्रीपासून पाणी बंद! लहानपणी आम्ही एस.टी.नं मुंबईला जायचो. गाडी घाटात थांबली की पुरुष उतरून झाडाआड जात. बायका खिडकीशी बसून राहत, कोरड्या ओठांनी. माझ्या बहिणीनं हे आईकडून शिकलं आणि आईनं तिच्या आईकडून. ही सवय कोणी कोणाला तोंडानं शिकवत नाही, ती नुसती बघून येते.

त्याची किंमत तिनं साठी उलटल्यावर मोजली. एका लांबच्या प्रवासानंतर लघवीचा संसर्ग झाला, ताप चढला आणि तिला रुग्णालयात ठेवावं लागलं. डॉक्टरांनी सांगितलं, पाणी पीत राहा आणि लघवी तुंबवू नका. त्यातच दोन्ही गुडघ्यांच्या शस्त्रक्रिया झालेल्या. तेव्हा आपानं जाहीर केलं, "आता मी कुठं येणार नाही. तुम्ही फिरा."

तिच्या मुलानं, म्हणजे माझ्या भाच्यानं, एक जुनी व्हॅन घेतली होती. तिकडे तिला कॅम्पर व्हॅन म्हणतात. आत झोपायची फळी, गॅसची शेगडी, लहानसं बेसिन. मी तिकडे गेलो तेव्हा त्याचा बेत होता की आईला आणि मला स्कॉटलंडच्या उत्तर किनाऱ्यानं फिरवून आणायचं. इन्व्हरनेसपासून निघून पुन्हा इन्व्हरनेसला येणारा सुमारे 500 मैलांचा तो रस्ता 2015 पासून 'नॉर्थ कोस्ट 500' या नावानं प्रसिद्ध आहे. डोंगर, समुद्र, मेंढ्या, आणि मैलोन्‌मैल माणूस नाही. माणूस नाही म्हणजे संडासही नाही. ब्रिटनमध्ये गेल्या काही वर्षांत खर्च परवडत नाही म्हणून नगरपालिकांनी कितीतरी सार्वजनिक शौचालयं बंद केली आहेत. व्हॅनमध्ये सगळं होतं, फक्त तेच नव्हतं. तेव्हा भाचा म्हणाला, "मामू, तुम्ही बी.ए. झालात, तुम्हीच वाचून निवडा." मी मराठी घेऊन बी.ए. झालो, संडास घेऊन नव्हे. पण निवडायला बसलो आणि जे कळलं ते तुम्हाला सांगतो.

गाडीत ठेवायचे संडास साधारण चार जातींचे.

पहिली जात म्हणजे बादली. झाकणाची बादली, त्यावर बसायची कडी, आत पिशवी. पिशवीत एक पूड टाकतात. लहान मुलांच्या डायपरमध्ये जी पाणी शोषणारी पूड असते त्याच प्रकारची. ओलावा धरून तिचा गोळा होतो, सांडत नाही. स्वस्त, हलकी, अडीनडीला उत्तम. पण रोज पिशव्या साठवायच्या आणि कचऱ्यात टाकायच्या.

दुसरी जात दोन मजली. वरच्या मजल्यावर बसायचं भांडं आणि स्वच्छ पाण्याची टाकी, खालच्या मजल्यावर मैल्याची टाकी. मध्ये एक सरकती झडप असते. काम झालं की झडप उघडायची, हातपंपानं थोडं पाणी सोडायचं, झडप बंद करायची. झडपेला रबराची कडा असल्यानं वास खालीच राहतो. रिकामं करायचं तेव्हा दोन मजले वेगळे होतात आणि खालची टाकी सुटकेससारखी उचलून नेता येते. लहान आकारात खालची टाकी सुमारे 10 लिटरची असते, मोठ्यात सुमारे 21 लिटरची.

तिसरी जात कॅसेटची. इथं भांडं गाडीत कायमचं बसवलेलं असतं आणि खालची टाकी बाहेरच्या छोट्या दारातून ओढून काढतात. बऱ्याच टाक्यांना चाकं असतात. सोय मोठी, पण गाडीच्या पत्र्याला भोक पाडावं लागतं आणि जागा कायमची जाते. लहान व्हॅनला ते जड जातं.

चौथी जात मला सर्वांत हुशार वाटली. तिच्यात लघवी आणि मैला एकत्र येऊच देत नाहीत. पुढच्या भागातून लघवी एका बाटलीत जाते, मागच्या भागातून मैला कोरड्या डब्यात पडतो, त्यावर नारळाच्या काथ्याचा भुसा किंवा लाकडाचा भुसा टाकतात. संडासाचा जो वास आपल्याला नकोसा होतो त्यातला बराचसा दोन्ही एकत्र आल्यानं होतो. मैल्यातले जंतू लघवीतल्या युरियाचा अमोनिया करतात. वेगळे ठेवले तर वास पुष्कळ कमी. रसायन नको, फ्लशचं पाणीही नको. फक्त पुरुषांनीही बसूनच लघवी करायची.

हे वाचताना मला कोकणातले अप्पासाहेब पटवर्धन आठवले. 1932 साली रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी भंगीकाम करण्याची परवानगी मागितली, ती नाकारली गेली म्हणून अन्नत्याग सुरू केला आणि त्यांना पाठिंबा म्हणून गांधीजींनी येरवड्यात उपवास केला. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात त्यांनी मैल्याचं खत करणारे संडास बांधले. मैला पाण्यात बुडवण्याऐवजी कोरडा ठेवून मातीला परत द्यायचा, ही त्यांची धडपड. आज युरोपातल्या महागड्या गाड्यांत तेच तत्त्व नव्या प्लास्टिकमध्ये बसवून विकलं जातं, आणि वर टाकायला भुसा आपल्या नारळाचा!

मग आम्ही हाच का नाही घेतला? कारण लोटा. दुकानात मिळणारे हे सगळे संडास कागद वापरणाऱ्या माणसासाठी घडवलेले आहेत. आमच्या घरात पाण्याशिवाय पाकी नाही. शेजारच्या काकूंच्या घरातही तांब्याशिवाय चालत नसे. या एका बाबतीत आमच्या आळीत कधी मतभेद नव्हता. आणि कोरड्या संडासाचा सगळा डाव कोरडेपणावर उभा. मागच्या डब्यात रोज तांब्याभर पाणी गेलं की भुशाचा चिखल होतो आणि वास परत येतो. ज्यांना जमतं ते धुण्यासाठी वेगळं टमरेल ठेवतात. पण गाडीच्या अडीच हात जागेत, नव्या गुडघ्यांनी, एका आसनावरून दुसऱ्यावर सरकणं आपाला शक्य नव्हतं. तेव्हा चौथी जात गेली. पिशवीची बादली तिनं बघताक्षणी नाकारली. कॅसेटसाठी गाडीत जागा नव्हती. राहिली दोन मजली.

इथं मी पहिली चूक केली. लहान टाकीचा संडास निवडला, कारण तो झोपायच्या फळीखाली बरोबर मावत होता. माप घेताना मी फळीची उंची मोजली, आपाची मोजली नाही. तो संडास जेमतेम एक फूट उंच. आपा त्यावर बसली आणि उठता येईना. भाच्यानं आणि मी दोन्ही हात धरून उठवली. ती हसली, आम्हीही हसलो, पण नंतर ती बराच वेळ गप्प होती. ज्या गोष्टीसाठी कुणाचा हात लागू नये म्हणून सगळी खटपट, तिथंच दोघांचे हात लागले. लाकडी खोक्यावर ठेवून पाहिला तर डगमगायला लागला. शेवटी तो परत करून सुमारे 41 सेंटीमीटर उंचीचा, मोठ्या टाकीचा आणला. घरातला कमोड साधारण याच उंचीचा असतो. फळी कापून वर घेतली. तेव्हा श्रोतेहो, पहिला नियम हा : घरात ज्याचे गुडघे सर्वांत दुखतात त्याला दुकानात घेऊन जा आणि बसवून बघा. नुसतं बसवून नाही, उठवून बघा.

आता हिशेब. एका मोठ्या माणसाला दिवसाला साधारण दीड लिटर लघवी होते. आम्ही तिघं, म्हणजे साडेचार लिटर. पण टाकी भरते ती लघवीनं नव्हे, पाण्यानं. प्रत्येकाच्या सहा खेपा धरल्या तर अठरा खेपा. दर खेपेला फ्लशचं पाव लिटर आणि धुण्याचं तेवढंच धरलं तरी नऊ लिटर. सगळं मिळून चौदा लिटरच्या आसपास. 21 लिटरची टाकी दीड दिवसात काठोकाठ! दुकानदार सांगतो ते दिवस कागदवाल्यांचे असतात, तांब्यावाल्यांनी ते अर्धे करावेत.

यावर आम्ही दोन उपाय केले. दिवसा जिथं कॅफे, पेट्रोल पंप किंवा सार्वजनिक शौचालय मिळेल तिथं आम्ही दोघं पुरुष जाणार, गाडीतला संडास मुख्यतः आपाचा आणि रात्रीचा. दुसरं, तांब्याऐवजी झाकणाला बारीक भोकं पाडलेली मऊ प्लास्टिकची बाटली. दाबली की धार बसते. आधी कागद, मग ही बाटली. शंभर मिलिलिटरमध्ये काम होतं. आपाला पहिल्यांदा पटेना. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "वजूला तरी कुठं बादली लागते!" विषय संपला. टाकी मग तीन दिवस पुरू लागली.

हिशेबाचा दुसरा भाग वजनाचा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. भरलेली 21 लिटरची टाकी तिच्या स्वतःच्या वजनासकट चोवीस-पंचवीस किलो होते, म्हणजे सिमेंटचं अर्धं पोतं. ते कोण उचलणार आणि किती लांब नेणार, हे घेण्याआधी ठरवावं. घरात उचलणारा एकटा असेल आणि त्याची कंबर धरत असेल तर लहान टाकी घ्या आणि रोज रिकामी करा. शिवाय गाडी चालताना हे वजन बांधलेलं हवं. संडासाला जमिनीशी धरून ठेवणाऱ्या पकडी मिळतात, त्या लावाव्यातच. करकचून ब्रेक लागला तर पंचवीस किलो वजन पुढं येतं, आणि नुसतं वजन येत नाही.

आणखी एक गोष्ट अनुभवानं कळली. रत्नागिरीहून आंबा घाट चढून गेलात की वेफर्सचं पाकीट फुगतं, बघितलं असेल. वर हवेचा दाब कमी असतो, आतली हवा बाहेर ढकलते. मैल्याच्या टाकीचंही तेच होतं. स्कॉटलंडच्या पश्चिमेला बेलाख ना बा नावाचा 626 मीटर उंचीचा घाट आहे. तो चढून भाच्यानं गाडी उभी केली आणि मी घाईनं झडप उघडली. पुढचं सांगत नाही, सदरा बदलावा लागला. टाकीला दाब सोडायचं एक बटण किंवा झडप असते. भांड्याचं झाकण लावून आधी तो दाब सोडायचा आणि मगच वापरायचं. हे पुस्तिकेत लिहिलेलं होतं. पण पुस्तिका वाचायचं काम माझंच होतं, त्यामुळे तक्रार करायला जागा नव्हती.

आता सर्वांत महत्त्वाचं. टाकी ओतायची कुठं?

इंग्लंड-स्कॉटलंडमधल्या बहुतेक कॅम्पसाइटवर यासाठी खास जागा असते. गुडघाभर उंचीची मोठी मोरी, शेजारी धुवायचा नळ. तिला बरेच लोक 'एल्सन पॉइंट' म्हणतात. एल्सन हे रसायन घातलेल्या संडासाचं जुनं इंग्रजी नाव. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या बाँबफेकी विमानांतही हेच संडास होते. तिथं टाकी ओतायची, दोनदा विसळायची, आणि पाणी प्यायच्या नळाशी चुकूनही न्यायची नाही. ही जागा जवळ नसेल तर टाकी घेऊन पुढं जायचं. रस्त्याकडेच्या जाळीच्या गटारात ओतायचं नाही, कारण ते पावसाचं पाणी नेणारं गटार असतं आणि बहुधा सरळ नदीला जातं. झऱ्यात नाही, समुद्रात नाही. त्या सुंदर रस्त्याच्या कडेला लोकांनी टाक्या ओतल्याच्या तक्रारी तिथल्या गावकऱ्यांनी केल्या आहेत. पर्यटकाचा एक दिवस छान जातो आणि गावाची विहीर नासते.

टाकीत घालायच्या रसायनाचंही असंच. जुनी रसायनं फॉर्मलडिहाइडची. वास मारतात, पण मैला कुजवणाऱ्या उपयोगी जंतूंनाही मारतात. दूरच्या गावात सेप्टिक टँक असतो, तो या रसायनानं बंद पडू शकतो. म्हणून बाटलीवर फॉर्मलडिहाइड नाही असं लिहिलेलं बघून घ्यावं. घरातलं ब्लीच घालू नये, झडपेचं रबर खराब होतं. ओले सुगंधी रुमाल तर मुळीच टाकू नयेत, ते विरघळत नाहीत आणि झडपेत अडकतात. अडकले की काढायचे कुणी, हा प्रश्न येतो.

हा 'कुणी'चा प्रश्न मला त्या प्रवासात फार दिसला. पहिल्यांदा टाकी रिकामी करायची वेळ आली तेव्हा मी घुटमळलो. पन्नाशी उलटेपर्यंत मी स्वतःचा मैला कधी हातानं उचलला नव्हता. आमच्या लहानपणी टोपलीचे संडास होते आणि ते साफ करायला एक बाई पहाटे मागच्या बोळानं यायची. तिचा चेहरा मला आठवत नाही. आठवत नाही, कारण आम्ही कधी बघितलाच नाही. कुणाही माणसाला या कामाला लावणं आपल्याकडे 2013 च्या कायद्यानं गुन्हा आहे, तरी आपण त्याकडे कायद्याचा विषय म्हणूनच बघतो. त्या दिवशी हातमोजे घालून, टाकी घेऊन मी त्या मोरीशी गेलो. माझ्या पुढं रांगेत एक म्हातारे गृहस्थ होते, मागं एक तरुण बाई. प्रत्येकाच्या हातात आपापली टाकी. कोणी कोणाकडे बघून नाक मुरडत नव्हतं. हवापाण्याच्या गप्पा चालल्या होत्या. कविता करून जे कळलं नव्हतं ते रांगेत उभं राहून थोडंसं कळलं.

तुम्ही म्हणाल, हे स्कॉटलंडचं झालं, आमचं काय? महाराष्ट्र शासनानंही 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. गाडीतच राहायची सोय असलेली वाहनं आपल्याकडेही भाड्यानं मिळू लागली आहेत, काही हौशी मंडळी स्वतःची गाडी तशी करून घेतात. पण मैला ओतायच्या खास मोऱ्या आपल्या रस्त्यांवर सर्रास आढळत नाहीत. म्हणून आपल्या माणसानं उलट्या बाजूनं विचार करावा. मुक्कामाची जागा ठरवताना फोनवर आधी विचारावं, "आमची टाकी तुमच्या संडासात रिकामी करता येईल का? सेप्टिक टँक आहे की गटाराला जोडलेला आहे?" हो म्हणाले तर रसायन साधं वापरावं किंवा वापरूच नये, टाकी रोज रिकामी करावी आणि जाताना त्यांचा संडास स्वतः धुऊन द्यावा. आणि गाडी भाड्यानं घ्याल तेव्हा मालकाला गादी किती मऊ आहे हे विचारण्याआधी मैल्याची टाकी किती लिटरची आणि ती कोण, कुठं रिकामी करतं, हे विचारा. "ड्रायव्हर बघेल" असं उत्तर आलं तर तो कुठं बघतो, हेही विचारा.

थोडक्यात, निवडीचा क्रम मी असा लावतो. आधी ओतायची जागा, मग उचलणारा हात, मग बसणाऱ्याचे गुडघे, मग धुण्याचं पाणी, आणि सगळ्यांत शेवटी किंमत आणि रंग. दुकानात हा क्रम उलटा लावलेला असतो.

निघायच्या दिवसाची गोष्ट सांगतो आणि थांबतो. पहाट होती. भाच्यानं गाडी सुरू केली. आपा मागच्या बाकावर शाल गुंडाळून बसली होती. पडदा नीट सरकतो का, ते तिनं दोनदा बघितलं. कडी लावून बघितली. मग मला म्हणाली, "छोट्या, जरा पाणी दे."

मी पेला भरून दिला. पुढं सहाशे मैलांहून जास्त रस्ता होता. तिनं तो सगळा प्याला आणि आणखी अर्धा मागितला.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)